मी असताना जा

गुरुवार, १८ नोव्हेंबर, सकाळ

चि. सोन्या,

तुला खूप आशीर्वाद. चाळिशी उलटलेल्या माणसाला सोन्या म्हणू नकोस, असं तू मागेच बजावलं होतंस. पण पत्र लिहायला घेतलं की दुसरं काही सुचतच नाही, तेव्हा आजच्यापुरतं चालवून घे.

मी ठीक आहे. मावशी आलीये राहायला. आल्या आल्या तिने स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि माझे सगळे डबे इकडचे तिकडे केले. आता मिठाला हात लावायचा तर तिची परवानगी लागते. शिवणकाम सध्या बंदच आहे. शेवटची पँट दिली ती कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याची. कंबर सैल करायची होती, मी आवळून ठेवली. बिचाऱ्याने श्वास रोखून घालून बघितली आणि घेऊन गेला.

तुझं लाँड्रीतलं काम कसं चाललंय? चादरीच्या घड्या तू कशा घालतोस ते मला माहीत आहे, कडेला कड लावून, अगदी सावकाश. कोणी घाई केली तर मनावर घेऊ नकोस. महिन्याचं इंजेक्शन झालं असेलच.

रविवारी मी तुझ्याकडे येऊन गेले. त्याबद्दल लिहायचं आहे, रागावून नाही.

जिना चढेपर्यंत धाप लागली होती. दार वाजवलं तर तू आतून विचारलंस, "कोण?"

"मी."

"मी कोण?"

"अरे, आई."

मग म्हणालास, "आज नको."

मी खाली तुमच्या ऑफिसात जाऊन तिथल्या ताईंना म्हटलं, "तुमच्याकडे दुसरी किल्ली असेल ना?"

"आहे," त्या म्हणाल्या. "पण जिवावर बेतलं तरच आम्ही ती वापरतो. खोली त्यांची आहे, आई. ते नको म्हणाले तर नको."

ते म्हणाले. त्यांची खोली. सोन्या, तुझा आजार सुरू झाल्यापासून तुला कोणी अहो-जाहो केलेलं मी ऐकलं नव्हतं. वॉर्डात नाही, चौकीत नाही, आपल्या नातेवाइकांत तर नाहीच. आणि आपल्या घरात तुझं म्हणून दार तरी कुठे होतं? एका खोलीत मधे पडदा, तोही मी केव्हाही सारायचे. तू मला बाहेर ठेवलंस याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलंच. पण त्याच वेळी तुला तसं ठेवता आलं याचं बरंही वाटलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मला तिथे जिन्यावर बसून रडावं लागलं.

तुझ्या समोरच्या खोलीतला तो धिप्पाड माणूस, ज्याला तुमच्याकडे सगळे रेडिओ म्हणतात, तो चहा घेऊन आला आणि शेजारी बसला. नाव अगदी बरोबर ठेवलंय. हवेपासून सुरुवात करून त्याने त्याच्या तिन्ही मामांची लग्नं सांगितली. मग म्हणाला, "काकू, लावून घेऊ नका. तो मलाही हाकलतो. पण मला ताप आला ना, तेव्हा हाच उशाशी बसून होता. कपाळावरचा रुमाल सुकू दिला नाही. मी तापात बडबडत होतो, तर म्हणतो कसा, बोल तू, मला आवाजांची सवय आहे."

हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

स्वेटरची पिशवी तुझ्या दाराला अडकवून मी निघाले. अर्धा जिना उतरले तेव्हा मागे कडी वाजली. मी वळले नाही. वळले असते तर तू पिशवी तिथेच टाकून आत गेला असतास. मी काय तुला आज ओळखते?

मग मंगळवारी तुझा फोन आला. "बाह्या लांब झाल्यात."

"दुमड," मी म्हटलं.

"बरं." मग विचारलंस, "आई, मी काय केलं होतं, म्हणून तू मला इकडे पाठवलंस?"

मी म्हटलं, दूध उतू चाललंय, नंतर बोलू. गॅसवर दूध नव्हतं.

म्हणून हे पत्र. मावशीच्या हाती ताईंकडे पाठवतेय. तू वाचशील तेव्हा त्या जवळ बसलेल्या असतील, तसं त्यांनी कबूल केलंय. पुढचं वाचायच्या आधी एकदा त्यांच्याकडे बघ.

तू काहीच केलं नव्हतंस. माझ्या पोटात गाठ आहे. उन्हाळ्यातच कळलं होतं. आता ती पसरलीय आणि ऑपरेशन करण्यासारखं राहिलेलं नाही.

मनाच्या आजाराची, बेताच्या कमाईची माणसं तू आता आहेस तिथे स्वतःच्या खोलीत राहतात आणि लागेल तेव्हा मदतीला कोणीतरी असतं, हे कळल्यावर तुझं नाव मी तिथे घातलं होतं. नंबर लागायला वर्षं गेली, आणि लागला तो नेमका गाठ कळल्यावर. मला तेव्हा एकच दिसत होतं. मी गेलेय, घरात माणसं जमलीयत, आणि त्या गडबडीत कोणीतरी तुला दंडाला धरून अनोळखी जागी नेऊन सोडतंय. म्हटलं, त्यापेक्षा मी असताना जा. राग आला तर माझा येऊ दे. रागवायला मी समोर तरी असेन.

आधी सांगितलं असतं तर तू गेलाच नसतास. माझ्या खाटेपाशी बसून राहिला असतास, गोळ्या विसरला असतास, आणि खोली दुसऱ्याला गेली असती.

आता नीट वाच. तुला ऐकू येणारे ते आवाज, ते वरचे लोक, आता म्हणायला लागतील की हे तुझ्यामुळे झालं. म्हणून मी डॉक्टरांना मुद्दाम विचारलं, "काळजी करून करून अशी गाठ होते का हो?" ते म्हणाले, "नाही." मी परत विचारलं. ते परत नाही म्हणाले. हे तुला लिहून देतेय, म्हणजे ते लोक बोलायला लागले की काढून वाचता येईल. तुझ्यामुळे झालेलं नाही. तुझे बाबा गेल्यावर मी रोज सकाळी उठले, ते मात्र तुझ्यामुळे.

शनिवारी मावशी मला तिच्याकडे नेणार आहे. ही खोली आपण सोडतोय. मशीन शेजारणीला दिली. तुला इथे परत यायला आता जागा नाही, हे लिहिताना हात थांबला होता. मग तो तापातला रुमाल आठवला आणि लिहिलं.

यावंसं वाटलं तर ताई तुला मावशीकडे घेऊन येतील. मी फार बारीक झालेय, बघून घाबरू नकोस. नाही वाटलं तर नको येऊस, मी मनातसुद्धा काही म्हणणार नाही. फक्त उत्तर पाठव. लांबलचक नको. नुसतं "जेवलो" एवढं लिहिलंस तरी मी ते उशाशी ठेवीन.

तुझी,
अजून असलेली,
आई