चादरींच्या घड्या

चैताली,

तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. लई दिवसांनी तुला अशी झोपलेली बघितली. बाबा खालून हाका मारत होते, तरी मी दारातच उभी राहिले.

गच्चीवर चादरी वाळत घातल्यात. ऊन उतरायच्या आत काढ. गरम असतानाच घडी केली की सुरकुत्या पडत नाहीत. लहानपणी तू दुसरी टोकं धरून माझ्याकडं चालत यायचीस आणि घडी व्हायच्या आधीच चादरीत शिरायचीस. आतून म्हणायचीस, "आई, हितं सगळं पिवळं दिसतंय." जाड चादरी एकटीला जमायच्या नाहीत. शेजारच्या राजश्रीकाकूंना बोलाव. त्या काही विचारणार नाहीत.

आम्ही अक्कलकोटला तुझ्या सासरी चाललोय, तुझे कपडे आणि शिलाई मशीन आणायला. "परत कधी पाठवता असं विचारलं तर काय सांगायचं?" असं बाबा काल म्हणत होते. मी म्हणलं, "मी बोलते की. तुम्ही फक्त मशीन उचला."

चादरी माझ्या कपाटात ठेव. तुझ्या खोलीतलं कपाट मी सगळं रिकामं केलंय.

आई