बा म्हणजे कोण?

देवपूर, धुळे
११ फेब्रुवारी १९८७

चि. रतिलाल यास मंजुळाअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

रडून सुजलेले डोळे उतरले असतील तर हे पत्र वाच. परवा भर दुपारी आमच्या दारात येऊन तू जो गळा काढलास, त्याने अख्खी गल्ली गोळा झाली. शेजारच्या केसरबाई तर डोक्यावर पदर घेऊन रडायच्या तयारीनेच आल्या. आणि ज्यांच्यासाठी हे रडणं, ते आपले बा आत पाटावर बसून शेवभाजी ओरपत होते! तुला पाहून म्हणाले, "काय रे, बठ्ठा पोरं नापास व्हयनात का?" वर्गातली सगळी पोरं नापास झाल्यासारखाच चेहरा होता तुझा!

तू मराठीचा मास्तर. तारेत तीन शब्द, "बा सिरियस, कम." ते वाचलेस, पण तार कुठून आली ते वाचायचं राहिलं. बा माझ्याकडे असतात म्हणून थेट धुळ्याची एस.टी. धरलीस. कुणीतरी थट्टा केली असेल, असं तुझे दाजी म्हणाले आणि आपण सगळे पोट धरून हसलो.

बा मात्र हसले नाहीत. त्यांनी तुझ्याकडून तार पुन्हा वाचून घेतली. सुरतची आहे म्हटल्यावर ताट बाजूला सारलं. "सुरतनी शे ना? मंग तुमनी मायले काही तरी व्हयनं," म्हणाले आणि चपला शोधू लागले.

दिवाळीत तिची म्हैस न विचारता विकली, म्हणून माय रागाने धाकट्या भटूकडे सुरतला निघून गेली. तेव्हापासून ह्या माणसाने तिचं नाव काढलं नव्हतं. मी विषय काढला की उठून अंगणात जायचे. आणि परवा हात धुवायचंही भान राहिलं नाही.

दाजी त्यांच्यासोबत गेलेत. तुझ्या घरी माझी भावजय द्रौपदा तापाने निजलेली, म्हणून तुला आम्हीच परत धाडलं, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. अजून काही कळलेलं नाही. तुला चिडवते आहे ते त्यासाठीच, नाहीतर मीही गळा काढीन.

द्रौपदाला जपणे. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुझी
अक्का

जळगाव
१६ फेब्रुवारी १९८७

ती. सौ. अक्कास रतिलालचा सा. न. वि. वि.

माय वाचली. हे आधी लिहितो, बाकीचं सावकाश वाच. भटूचं पत्र आलं. अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन झालं, आता धोका नाही. भटू दवाखान्यात अडकलेला, म्हणून तार केली ती शेजारच्या कनुभाईंनी. आणि कनुभाई मायला काय म्हणतात? बा! गुजरातीत आईला बा म्हणतात, अक्का. आपल्याकडे बाप, हद्द ओलांडून तिकडे गेलं की आई!

आता तू म्हणशील, मास्तरला हे ठाऊक नव्हतं? ऐकलेलं होतं गं, पण हातात तार आल्यावर आठवलं नाही. त्या रागाने चार दिवस ह्या शब्दाच्याच मागे आहे. आपला बा हा बापाचा, प्राकृतातल्या बप्पाच्या कुळातला. फारसीत बा म्हणजे सह, जसं बाकायदा, बाइज्जत. आमच्या चाळीत उत्तरेकडल्या छपऱ्याचे एक रेल्वेवाले राहतात, त्यांच्या बोलीत बा म्हणजे चक्क "आहे". परवा त्यांनी मायची चौकशी केली, माई ठीक बा नू? मीही त्यांच्याच बोलीत म्हटलं, ठीक बा! द्रौपदाचा ताप उतरलाय. ती म्हणते, हे सगळं शोधून झालं असेल तर आता "नको रे बा"!

एक सांग, बांना गुजराती येत नाही. मग त्यांना कसं कळलं?

तुझ्या थट्टेचा भुकेला,
रतिलाल

देवपूर, धुळे
२ मार्च १९८७

चि. रतिलाल यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

मायला बघून मी कालच सुरतहून परत आले. मास्तर, तू शब्द वाचत बसलास. त्यांना फक्त सुरत ऐकू आलं, कारण त्यांचं सगळं ध्यान तिकडेच लागलेलं होतं. एवढं साधं तुझ्या कोशात नाही का?

माय दवाखान्यातून भटूच्या घरी आली आहे. वाळली आहे, पण जीभ शाबूत आहे. बा दवाखान्यात पोहोचले तेव्हा तिने तोंड भिंतीकडे केलं, असं दाजी सांगतात. बा स्टुलावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, जेवलात का?

मी होते तेव्हाची गंमत सांगते. कनुभाईंची सून रोज सकाळी चहा घेऊन येते. दारातूनच हाक मारली, "बा, चा!" खाटेवरून माय आणि ओट्यावरून बा, दोघांनी एकदम ओ दिली. मग जुंपली. माय म्हणाली, मले बलायनं. बा म्हणाले, चाळीस वरीस मीच बा शे, तू कालपासून व्हयनी. ती पोर बिचारी कप हातात घेऊन कधी इकडे बघे, कधी तिकडे. शेवटी मायने कप घेतला, अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी ओट्याकडे सरकवली. बांनी ती दोन्ही हातांनी उचलली. फुंकर मारत कितीतरी वेळ पीत होते.

बांना धुळ्याला परत कधी पाठवायचं, असं निघताना भटूने विचारलं. मी म्हटलं, राहू दे अजून थोडे दिवस.

दोघांना अनेक आशीर्वाद. पत्राला उशीर चालेल, लोभाला नको.

तुझी
अक्का