राहीबाईंची कॅसेट

पोलादपूर,
११ जुलै १९९९

चि. अंकितास,
मामाचे अ. उ. आ.

ताईकडून कळलं की तू पुण्याला नीट पोचलीस, होस्टेलची खोली मिळाली आणि पहिल्याच जेवणात डाळीत खडा लागला. मी रागावून पत्र लांबवलं असं समजू नकोस. रागावलो होतोच, पण उशीर जाखडी नाचवाल्यांमुळे झाला. गणपती जवळ आले की प्रत्येक वाडीला आपली कॅसेट हवी असते, आणि प्रत्येक शाहिराला आपला आवाज ढोलकीच्या वर हवा असतो.

माझं म्हणणं एकदाच लिहितो. ध्वनिमुद्रण शिकायला शाळा लागते हे मला पटलेलं नाही. मला कोणी शिकवलं? मोडके रेडिओ उघडले, सोल्डर मारताना बोटं भाजली. माझा दोस्त म्हणून नासिरने कुवेतहून चार ट्रॅकचं मशीन आणून दिलं तेव्हा सोबतचं पुस्तक जपानीत होतं. एकेक बटण फिरवायचं आणि काय बदललं ते ऐकायचं, असं करत मशीन समजून घेतलं. मागच्या खोलीला गोणपाट लावताना भिंतीपासून चार बोटं जागा सोडावी लागते, नाहीतर आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. हे कळायला मला कितीतरी पावसाळे लागले. तुझ्या मास्तरांना ठाऊक आहे का, विचार जरा.

कान असतो किंवा नसतो. तुला आहे, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. इथे माझ्या खोलीत बसली असतीस तर आतापर्यंत तुझ्या हातून दोन जाखडी पार्ट्या निघाल्या असत्या. तिथे दोन वर्षं फळ्यावर आवाजाची चित्रं काढशील. मामी म्हणते, पोरीला बोलून झालं असेल तर आता खाण्यापिण्याचं विचारा. तर, खाण्यापिण्याची आबाळ करू नकोस.

राग आहे तेवढीच मायाही आहे, हे विसरू नये.
तुझा
दत्ताराममामा

*

पुणे,
५ सप्टेंबर १९९९

ती. मामांस,
अंकिताचा शि. सा. न. वि. वि.

गोणपाटाचं विचारलं. सर म्हणाले, बरोबर आहे, ते दुसऱ्या धड्यात येतं. मला एकदम तुमची आठवण आली. हसू येत होतं, पण हसले नाही.

पहिल्या आठवड्यात आमचे सगळ्यांचे कान तपासले. बंद खोलीत बसवून बारीक शिट्टी वाजवतात, ऐकू आली की बोट वर करायचं. आमच्यातल्या एका मुलाला वरचे बारीक आवाज ऐकूच येत नाहीत असं निघालं. बँडच्या गाडीवर भोंग्याशेजारी बसून तो मोठा झालेला. त्याचं त्याला माहीतच नव्हतं. सर म्हणाले, ज्याचं हे जातं त्याला आपलं काही गेलं असं वाटतच नाही, त्याला वाटतं लोकच हल्ली मऊ बोलायला लागले. तुम्हीही एकदा या मामा. गंमत म्हणून तपासून घेऊ, मग तुळशीबाग फिरू.

एक मागणं आहे. कुडपणच्या राहीबाईंची लग्नाची गाणी घ्यायची असं तुम्ही कधीचं म्हणताय. घाण्यापासून पाठवणीपर्यंतची सगळी गाणी येणारी आता तेवढी एकच उरली. मी सुट्टीत येईपर्यंत थांबाल का? दोघं मिळून घेऊ.

मामींना नमस्कार. तुमच्या बोलण्याची सवय झालेली आहे, ते बंद होऊ देऊ नये.
तुमची
अंकिता

*

पोलादपूर,
१४ मे २०००

चि. अंकितास, अ. उ. आ.

थांबायला जमलं नाही. राहीबाईंना दमा आहे, आणि पावसाळ्यात त्यांना कुडपणहून खाली आणणं कठीण. नासिरने जीप नेली, सोबत दोन बायका आल्या. माईक लावला, पंखा बंद केला, कोंबड्या डालल्या. बाई गाईनातच. म्हणाल्या, नवरी नाय, हळद नाय, उगाच कशी गाऊ रे दत्ता, अशानं कोनाचं तरी वायट व्हतं. मी डोक्याला हात लावला. शेवटी नासिरने तोडगा काढला. तुझ्या मामीला पाटावर बसवलं, पुढे चौरंग, हातात सुपारी, आणि खरोखर हळद लावली. दोन पोरांची आई पुन्हा नवरी झाली आणि लाजलीसुद्धा! नासिर म्हणाला, दत्ता, आता दुसरा नवरा बघायला लागेल हिला, तू फारच जुना झालास.

पण मग जे गाणं आलं ना, अंकिता! वरमाय रुसते त्या गाण्याला तर सोबतच्या बायका स्वतः रडल्या. बाईंचा आवाज एका ट्रॅकवर, साथीच्या बायका दुसऱ्यावर, झांज तिसऱ्यावर. खोकला येई तिथे थांबायचो, आणि बाई बरोबर त्याच शब्दावरून उचलायच्या. सगळं घेतलं, पाठवणीपर्यंत.

आता मिक्सिंग, तिन्ही ट्रॅक एकात बसवायचे. बाईंचा आवाज टेपवर जरा दबलेला वाटतो, वरचा तजेला कमी आहे. तो मी उघडणार. पहिली प्रत तुला पाठवीन, तुझ्या मास्तरांना ऐकव.

अभ्यासातून उसंत मिळेल तशी आमची खुशाली विचारत जा.
तुझा
मामा

*

पुणे,
१८ जून २०००

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

तीन पत्रं लिहून फाडली. हे टाकणार आहे.

मामा, बाईंचं मिक्सिंग करू नका. केलं असेल तर चार ट्रॅकची मूळ टेप तशीच ठेवा, तिच्यावर दुसरं काही घेऊ नका. तुम्ही गणपतीच्या आधी टेपा पुन्हा वापरता, म्हणून घाईने लिहिते आहे.

बाईंचा आवाज दबलेला नसणार. तो तुम्हाला तसा ऐकू येतो. इतकी वर्षं भोंग्यांपुढे उभं राहून त्यांची तपासणी केलीत, त्या मुलासारखंच तुमचं झालंय असं मला वाटतं. तुम्ही वरचा आवाज वाढवत नेता, तो तुम्हाला गोड लागतो आणि बाकीच्यांच्या कानात टोचतो. प्रत्येक 'स' तेलात मोहरी पडल्यासारखा तडतडतो. कॅसेट एका मर्यादेपुढे वरचा आवाज सोसत नाही, फाटते. मग तो कोणालाच नीट करता येत नाही.

हे शाळेने मला सांगितलं नाही. शाळेने फक्त कारण सांगितलं. आपल्या तालुक्यात हे सगळ्यांना माहीत आहे, मामा. दत्ताभाऊंची कॅसेट लावायची तर आधी ट्रेबलचं बटण खाली करायचं. एस.टी. स्टँडवरच्या चहावाल्यापासून मांडवातल्या माणसापर्यंत सगळे करतात. आमच्या घरी आई करायची. लहानपणी मला वाटायचं, कॅसेट लावायची पद्धतच तशी आहे. तुम्हाला कोण सांगणार? तुम्ही सगळ्यांचे रेडिओ फुकट दुरुस्त करता.

मला माफ करा. पण ती टेप ठेवा. रागावलात तरी पत्र धाडावं.
अंकिता

*

पोलादपूर,
९ ऑगस्ट २०००

चि. अंकिता, आशीर्वाद.

पत्र पोचलं. शिकलीस हे दिसलं.

राहीबाईंची कॅसेट तयार झाली, प्रत सोबत आहे. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात स्वच्छ काम. चार ट्रॅकच्या टेपवर दासगावची जाखडी घेतली. मी टेपा साठवत नाही, जे ठेवण्याजोगं असतं ते मिक्समध्ये आलेलं असतं. इतकी वर्षं असंच केलं, आताही तसंच केलं.

त्या बटणाबद्दल ताईशी मी बोललेलो नाही. बोलायची इच्छाही नाही.

सुखात राहावे.
दत्ताराम

*

महाड,
२० फेब्रुवारी २००१

चि. अंकिता बेटीस,
नासिरमामाच्या खूप खूप दुआ.

माझं लिहिणं आळशी, चुका पोटात घाल. दत्ता तुला लिहीत नाही म्हणून मी लिहितो. त्याला सांगू नकोस.

वरंधला एका लग्नाला आम्ही दोघं गेलो. हळदीला राहीबाईंचीच कॅसेट. दत्ता मांडवात छाती काढून बसलेला. नवऱ्याचा चुलता उठला, कॅसेट घातली, आणि चालू करायच्या आधी हात आपोआप ट्रेबलच्या बटणावर गेला, पार तळाला. त्याने बघितलंसुद्धा नाही. दत्ताने बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी काय करू? मी खाली बघितलं, आणि तेच माझं चुकलं. जेवण न करता उठला. येऊन जीपमध्ये बसला. मग विचारलं, नासिर, तुझ्या जीपमध्ये बटण कुठे असतं रे? मी खोटं बोलणार होतो, पण जीपमधला टेप त्याच्यासमोरच होता.

तेव्हापासून खोली बंद आहे. जाखडीवाले येतात, त्यांना सांगतो मशीन बिघडलंय. मी म्हटलं, कान तपासून घे, चल, मी येतो. बोलला, तपासून काय करू, नवीन बसवणार काय? आणि बेटी, राहीबाईंचा दमा फार वाढला. गाणं डॉक्टरने बंद केलं. चार पावलं चालल्या की बसतात. पुन्हा घेऊ म्हणायची सोय राहिली नाही.

तुझं पत्र त्याने मला दाखवलं, तुझं बरोबर होतं. पण मला वाटतं, न सांगतीस तर बरं झालं असतं. मग वाटतं, आम्ही सगळे इतकी वर्षं न सांगता राहिलो, म्हणून तर हे झालं. काही समजत नाही बघ.

घराकडे येशील तेव्हा आमच्याकडे पाय लागावेत. नुरजहाँमामी वाट बघते.
नासिर

*

पुणे,
२ सप्टेंबर २००१

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचं उत्तर येत नाही, तरी लिहिते. परीक्षा पास झाले, वर्गात दुसरी आले.

तुम्हाला बरं वाटेल असं एक सांगते. तुम्ही म्हणत होतात तेच खरं निघालं. इथे आणि मुंबईत मिळून सगळे स्टुडिओ फिरले. एका ठिकाणी म्हणाले, कोर्सवाले नकोत, लहानपणापासून वायरी गुंडाळलेला माणूस पाहिजे. दुसरीकडे म्हणाले, मुलगी रात्री थांबेल का? तिसऱ्या ठिकाणी सगळं कॉम्प्युटरवर होतं. आम्हाला दोन वर्षं ज्या रीळच्या मशीनवर शिकवलं, ते त्यांच्याकडे दारात झाडाची कुंडी ठेवायला होतं. मालक माझ्याहून लहान. तो कुठेच शिकलेला नाही, घरी बसून शिकला. मी एका मोबाइल कंपनीच्या फोन सेंटरवर लागले आहे. दिवसभर कानाला हेडफोन असतो आणि लोकांच्या तक्रारी ऐकते.

कोर्स संपायच्या आधी सरांकडून तिथली खोली मागून घेतली आणि राहीबाईंच्या कॅसेटवर काम केलं. जे जे शिकवलं ते सगळं करून पाहिलं. वरचा आवाज खाली आणला की शब्द जातात, वर ठेवला की नुसती चरचर येते. झांज शाबूत आहे. साथीच्या बायका निम्म्या कळतात. बाई नाहीत, मामा. सरांना ऐकवलं. ते म्हणाले, मूळ टेप आणा. मी कॅसेट काढून पिशवीत टाकली.

तुमच्या खोलीत तुमच्याजवळ बसले असते तर ती टेप मी पुसू दिली नसती. पण शाळेत गेले नसते तर ती का ठेवायची हे मला कळलं नसतं. फोन घेता घेता दिवसभर याचाच विचार करते आणि कुठेच पोचत नाही.

दोन ओळी लिहिल्यात तरी पुरेल.
तुमची
अंकिता

*

पोलादपूर,
२६ मे २००२

चि. अंकितास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उशाशी ठेवून इतके महिने काढले. मला बरं वाटेल म्हणून तू ते स्टुडिओवाल्यांचं लिहिलंस. बरं वाटलं नाही. तू फोन घेत बसावंस असं मी कधी म्हटलं नव्हतं.

कान तपासले. डॉक्टरने कागदावर रेघ काढून दाखवली. डावीकडे सपाट जाते आणि मग रायगडाच्या कड्यासारखी खाली. त्या कड्याखाली काय काय आहे म्हणून विचारलं. म्हणाला, पाखरं, बांगड्या, बायकांच्या बोलण्यातली अर्धी अक्षरं. मी मामीला इतकी वर्षं पुटपुटू नकोस म्हणून ओरडत आलो.

नासिरला म्हटलं, मशीन परत घेऊन जा. तो घेईना. पडून आहे.

आता जे लिहायचं ते लिहितो. काल कुडपणला राहीबाईंच्या नातीची हळद होती. गाण्याशिवाय हळद कशी लावायची, आणि गाणार कोण? साथीला आलेल्या दोघींना मधली मधली कडवी येतात, सुरुवात कोणाला येत नाही. शेवटी मांडववाल्याच्या टेपवर कॅसेट लावली. बायका तिच्यामागे गायला लागल्या, पण शब्द पकडता येईनात. एक म्हणे हळदीचं आहे, दुसरी म्हणे पाठवणीचं. हळूहळू सगळ्या गप्प झाल्या. नवरीला मुकाट्यानेच हळद लागली.

राहीबाई मांडवाच्या मेढीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी स्वतःचा आवाज आजवर ऐकलेला नव्हता, कुडपणला त्यांच्या घरी टेप कुठला? मी जवळ जाऊन बसलो. एक बाजू पूर्ण ऐकली त्यांनी, हाताने ताल धरून. मग मला जवळ बोलावलं आणि दम खात खात विचारलं, कोन रे ही बाय? आवाज नाय बरा तिचा. पन गानी माजीच हायत. तिला कोनी शिकवली?

माझ्या तोंडून निघून गेलं, कोणी नाही, आपली आपणच शिकली.

तरीच, म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.

तुला हे सांगितल्यावाचून राहवलं नाही. ताईला नमस्कार सांग. तुझा फोनवरचा आवाज मला अर्धा ऐकू येतो, म्हणून पत्रच लिहीत जा.
तुझा
दत्ताराममामा