जवाईबापूंची चौकशी

मु. धानोरा, कापूस वेचणीचे दिवस, सन १९५७

आमचे जवाईबापू श्री. गिरधरराव यांस मगन हिरा पाटील याचा समुद्रापलीकडे पोचेल एवढा मोठा आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल आहेत. तुमच्या सासूबाईंचे गुडघे सोडले तर घरात कुणाचं काही दुखत नाही, आणि पांढऱ्या बैलाचं लंगडणंही थांबलं आहे. तुमची तब्येत कशी आहे? तिकडचं पाणी मानवलं का? युगांडात ज्वारी मिळते असं तुम्ही लिहिलंत, पण भाकरी कोण थापतं ते लिहिलं नाही. (सहज विचारलं. उत्तर सहज आलं नाही तरी चालेल, पण यावं.) सायकलीजवळ उभं राहून काढलेला तुमचा फोटो पोचला. अंगावर मांस धरलं आहे. तुमच्या मागं एक दोरी बांधलेली दिसते. दोरीवर काय आहे ते मी आत्ता लिहीत नाही. फोटो माझ्या पेटीत जपून ठेवला आहे, आणि किती जपून ते पुढं कळेल.

तुमच्या कापसाच्या जिनच्या सायबानं आमच्या जमनाला तिकडे आणायची परवानगी दिली हे वाचून आनंद झाला. तीन वर्षांच्या करारावर गेलेल्या फिटरची बायको त्याच्यासोबत तेवढेच दिवस राहू शकते, आणि त्या पासाला ‘आश्रिताचा पास’ म्हणतात, असं तुम्ही कळवलंत. हा शब्द मी तुमच्या सासूबाईंना वाचून दाखवला तेव्हापासून त्या सरकारवर नाराज आहेत. आमच्या घरी चार खंडी ज्वारी पिकते, आमची पोर आश्रित कशी, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना समजावलं की सरकारी भाषेत बायको अशीच लिहितात. त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती या कागदात मावणार नाही. असो. फोटोसाठी जमनाला नवापूरला नेलं. फोटोवाला म्हणे पदर मागं घ्या, कान दिसले पाहिजेत. बायकोच्या कानाशी सरकारला काय करायचं आहे? मला तिथंच पहिला संशय आला. पुढं टोचून घ्यायला चिंचपाड्याच्या दवाखान्यात गेलो. पोरीला दोन दिवस ताप भरला, पण एका शब्दानं कुरकुरली नाही. उलट तापातही स्वतःची लोखंडी पेटी उघडून कपडे घड्या करत होती. माणूस जायला एवढं उतावीळ असलं की बापाला आणखी संशय येतो.

आता मुख्य गोष्ट. रागावू नये. आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. परका माणूस पारावर टेकला, पाणी मागितलं, आणि कुणा तरुण मुलाचं नाव घेऊन घरचं कसं काय म्हणून विचारू लागला, की समजायचं सोयरीक पाहायला आला. मग जुळवायची असेल तर सारं गाव गूळ होतं आणि मोडायची असेल तर लिंबाचा पाला. तर मागच्या बुधवारी असाच एक टोपीवाला आला. साधं धोतर, झिजलेल्या वहाणा, काखेत पिशवी. थेट झिपरूच्या चहाच्या हॉटेलात बसला आणि विचारतो, गिरधर चुनीलाल यांचं चालचलन कसं आहे? झिपरूनं चांगलं सांगितलं. मग विचारतो, लग्न झालेलं आहे का? झिपरूनं तेही सांगितलं. मग तो पुढं वाकून हळूच विचारतो, “बायको हयात आहे का?”

जवाईबापू, तुम्हीच सांगा, भल्या माणसाला असा प्रश्न पडेल का? झिपरू उकळता चहा तसाच टाकून माझ्या खळ्यावर धावत आला.

“मगनभाऊ, तुन्हा जवाई दुसरी करी ऱ्हायना.”

तुम्ही दुसरी बायको करता आहात हे ऐकून मला ती दोरी आठवली. (दोरीवरचं अजून लिहीत नाही.) हातातलं सूप ठेवलं आणि गेलो. माणसाच्या वहाणा पाहून आधी त्याची दयाच आली. गरीब मुलीचा बाप दिसतो, आफ्रिकेच्या नावाला भुलला असेल, असं वाटलं. मी कोण ते सांगितलंच नाही. शेजारी बसलो आणि त्याच्या मुलीच्या भल्यासाठी आणि माझ्या मुलीच्या भल्यासाठी, एकाच दगडात दोघींचं कल्याण करायला निघालो. म्हटलं, भाऊ, त्या माणसाकडे मुलगी पाठवणं म्हणजे शेळी लांडग्याच्या राखणीला देणं. त्याला मिरगी येते. रागात ताट भिरकावतो. गावानं हाकलला म्हणून समुद्र ओलांडून गेला, एरवी कोण जातं? पाणी भरून परतणाऱ्या गजराबाई थांबल्या आणि तो पितो हेही त्यांनी सांगून टाकलं. (गजराबाईंनी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, पण अडचणीच्या वेळी मागं राहणारी बाई नव्हे.) शेवटी मी म्हटलं, आणि पहिली बायको हयात आहे, चांगली धडधाकट आहे, तिची आई नव्वदीला टेकेल आणि ती तिच्याही पुढं जाईल, तेव्हा दुसरीनं वाट पाहू नये. तो बोला बोला म्हणत सगळं उतरवून घेत होता. मला वाटलं, बाप असावा तर असा, मुलीसाठी शब्द न् शब्द टिपतो.

मग त्यानं पिशवीतून शिक्क्याचा कागद काढला, माझं नाव विचारलं, आणि ते ऐकून थांबला.

“अर्जदार जमनाबाई आपल्या कोण?”

माझ्या चिमटीतली तपकीर नाकापर्यंत पोचलीच नाही. तो पोलिसांचा गुप्त चौकशीचा माणूस. जमनाच्या पासपोर्टासाठी अर्जावर आमचा पत्ता, म्हणून अर्जातली बायको खरीच हयात आहे का ते पाहायला आमच्या गावी आलेला. सासऱ्यानंच जबाब दिला की मुलीला तिथं पाठवणं धोक्याचं आहे, हे त्याला फार महत्त्वाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नंदुरबारला त्याच्यापुढं उभा राहिलो. सांगितलं, जवाई देवमाणूस आहे. तो म्हणाला, काल मिरगी होती ती आज कुठं गेली? मी म्हटलं, बरी झाली. तो हसला नाही. सरकारी माणसाच्या तोंडावर हसू नाही म्हणजे पोटात असतं, पण याच्या पोटातही दिसेना. तरी माणूस वाईट नाही. कागद महिनाभर धरून ठेवतो, गावच्या पाच जणांनी मिळून नवा जबाब सहीनिशी द्यावा, पहिली सही बापाची, नाहीतर कालचाच जबाब वर जाईल, एवढं बोलला. तो जबाब वर गेला की पासपोर्ट अडला, मग तिकडचा पास आला काय नि न आला काय, तुमचा करार संपेपर्यंत पोर इथंच.

झिपरूसकट चौघांनी सह्या केल्या आहेत. पहिली जागा मोकळी आहे. जमना माझ्याशी बोलत नाही. भाकरी वाढते, पण ताटात ती पडल्याचा आवाज शेजारी जातो. तुम्ही मनावर घेऊ नका. बापाची जात संशयी, पण संशय येतो तो मायेच्याच वाटेनं. प्रकृतीस जपावं आणि तिथं कुणाला ताट भिरकावून दाखवू नये.

आपला,
मगन हिरा पाटील

ता. क. सही का अडली ते आता लिहितो, त्यासाठीच हा सारा कागद. तुमच्या फोटोत मागच्या दोरीवर बाईमाणसाचं लुगडं वाळत आहे. तीनदा पाहिलं, लुगडंच आहे. पोरीच्या जिवाला घोर नको म्हणून फोटो तिला दाखवला नाही, पेटीच्या तळाशी ठेवला. ते लुगडं कुणाचं, हे तापीमाईची शपथ घेऊन उलट टपालानं कळवा. मग सही करतो.

ता. क. दुसरा. कागद घडी करत होतो तेवढ्यात जमना पेटीत माझं धोतर ठेवायला आली आणि फोटो तिच्या हाती लागला. पुष्कळ वेळ पाहत राहिली. मी म्हटलं, पोरी, सोस. तर मला म्हणते, “ते मन्हंच लुगडं शे, बाबा. माले कोणी दाखाडं का?” तुम्ही निघालात तेव्हा तिनं तुमची गोधडीची वळकटी त्यात बांधून दिली होती. पदराजवळ चुलीच्या ठिणगीनं पडलेलं भोक आणि त्यावर तिनंच लावलेलं चौकोनी ठिगळ, बोट ठेवून दाखवलं. मग तोंडाला पदर लावून आत गेली. फोटोही नेला, परत देत नाही. आज पहिल्यांदा भाकरी आवाज न करता वाढली.

सही केली आहे. कागद उद्या मी स्वतः नंदुरबारला नेऊन देतो. पण जवाईबापू, इथं असताना तुम्ही स्वतःचा रुमालही कधी पाण्यात बुडवला नाही. तेव्हा ते लुगडं इतकं स्वच्छ धुतलं कोणी? मी विचारत नाही. जमना येते आहे, तीच विचारील.