दारातली खाट

१८ नोव्हेंबर २००७, कुडवा. संध्याकाळ.

आज दिवसा गाढ झोपले. हे गेल्यापासून पहिल्यांदाच. दवाखान्यातून रात्रपाळी करून यावं, तर घरात भेटायला आलेली माणसं बसलेली. त्यांच्यासमोर सुनेनं झोपायचं कसं? परवा वॉर्डात सलाईन बदलताना उभ्या उभ्या डुलकी लागली. तेव्हापासून एकच विचार, नोकरी सोडावी का?

हे असताना मी झोपले की दारात खाट टाकून बसायचे, कुणाला आत सोडायचे नाहीत. आज जाग आली तर तीच खाट दारात, आणि तिच्यावर सासूबाई. दिवसा झोपते म्हणून मला बोलणाऱ्या सासूबाई!

त्यांची बिरसी गावची बहीण विचारत होती, "पोरगा जाऊन महिना नाही झाला, अन् सून झोपून राहिली?"

"काऊन नाही झोपन? रातभर उभ्यानं काम करते पोरगी. तुले रडाचं असन त हळू रड."

मला हसू फुटलं. मग रडू आलं, तेही हळूच.

आता ड्यूटीला निघते. खाट आत घ्यायला गेले, तर म्हणाल्या, "राहू दे तिथंच. सकाळी लागनच."