स्वयंपाकघरातील दिवा पुन्हा नादुरुस्त करण्याबाबत

प्रति,
मा. साहाय्यक अभियंता,
जुनी निवासस्थाने वीज-देखभाल कक्ष,
डिचोली, गोवा.

विषय : दिव्याचा पूर्वीचा बिघाड परत मिळणेबाबत.
संदर्भ : वायरमन श्री. तुषार यांनी घेतलेली अर्जदाराची ‘समाधानी आहे’ ही सही.

महोदय,

१. जुन्या खाण-बंगल्यातील (आताचे सरकारी क्वार्टर्स) कमी दाबाच्या विजेची बटणे व माळ्यावरची पेटी काढून नवी बटणे बसवण्याचे काम सोमवारी उत्तमरीत्या पार पडले. अर्जदार समाधानी आहे. यापुढील मजकूर सदर काम झालेच नाही, असे धरून वाचावा.

२. जुन्या पद्धतीत भिंतीवरचे बटण दाबले की नाममात्र वीज माळ्यावरच्या पेटीला जाई, पेटी ‘टक’ करी आणि दिवा लागे. खाटेशेजारच्या बटणांच्या पट्टीवरून घरातला कुठलाही दिवा लावता येई. अर्जदाराचे वडील कै. गोकुळदास यांची पक्षाघाताने वाचा गेल्यावर ते पडल्या जागेवरून स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकवत. एकदा म्हणजे चहा. दोनदा म्हणजे साखर जास्त. डॉक्टरांची मनाई असल्याने आई, श्रीमती सुमंगला, दुसऱ्या वेळेची दखल घेत नसे.

३. वडील गेल्या शिगम्यात वारले. दिव्याला तसे कळवण्यात आलेले नव्हते. पेटी जुनी झाल्याने तो दुपारचा आपोआप लुकलुके. आई चहा करून खाटेशेजारी ठेवी. दोनदा लुकलुकला तर आता साखरही जास्त घाली. कप रिकामा होत असे. तो कोण पीत असे, हे आईला माहीत नाही; अर्जदाराला मधुमेहाची तपासणी करून घ्यावी लागली, इतकेच नमूद. सदर परिच्छेद गोपनीय समजावा.

४. जाताना तुषार आपुलकीने म्हणाला, “काकी, आता दिवो आपलो आपण पेटाचो नाय.” आई म्हणाली, “मग चहा कोणी मागायचा रे, पुता?” त्याने पक्कड पिशवीत घातली आणि नव्या बटणांची गॅरंटी किती वर्षांची ते सांगितले.

५. तेव्हापासून आई दुपारभर दिव्याखाली बसते. आधण आटते, ती पुन्हा पाणी ओतते. काल अर्जदाराने गुपचूप नवे बटण दाबून दिवा लुकलुकवला. माळ्यावर टक झाले नाही. आई वर न बघता म्हणाली, “गौरवी, ती तू.”

६. सबब, जुनी पेटी भंगारातून शोधून, आहे त्या बिघाडासह परत बसवावी. ते शक्य नसल्यास कै. गोकुळदास यांना, त्यांच्या सध्याच्या ठिकाणच्या कामात अडथळा न आणता, एका चहापुरते प्रतिनियुक्तीवर क्वार्टर्समध्ये पाठवावे. प्रवासभत्त्याची मागणी नाही. साखर घरची आहे.

दिवा व्यवस्थित चालू असलेली आपली नम्र,
(सही)
गौरवी गोकुळदास परब
डिचोली, दि. ९ ऑक्टोबर २०२५