केळीच्या भावाखाली

जळगाव, गुरुवार संध्याकाळ

मिळाली! वैशालीला परवाच्या बारावीच्या पेपरसाठी लेखनिक मिळाली. वैशालीला दिसत नाही; ती सांगणार, दुसरीने लिहायचं. ठरलेली मुलगी काल तापाने पडली आणि आमच्या अंध विद्यार्थ्यांच्या संस्थेची झोप उडाली.

आवाहन अर्थात मी लिहिलं. आयुष्यभर बातम्या लिहिल्या, मजकुरात एक शब्द जादा नव्हता. फेसबुकवर अंगठे भरपूर आले, फोन एकही नाही. का?

आज सकाळी संस्थेच्या मंगलाक्कांनी (मूळ सोनगीरच्या, बोलणं अहिराणी) स्वयंपाक करता करता मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला. "आपली पोरनी परवा परीक्षा शे. तिले दिसत नही, पन बठ्ठं पाठ शे. लिखाले फक्त हात जोयजे." मध्येच कुकरची शिट्टी! मी म्हटलं, अक्का, पुन्हा रेकॉर्ड करा.

"भाऊ, तुमना घरमा कुकर वाजत नही का?"

आणि अक्कांनी तो आवाज तसाच केळीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला लावला, रोजच्या भावाच्या बरोबर खाली. तिथे भावाशिवाय काही आलं की ॲडमिन लगेच काढून टाकतो. अक्कांनी त्याला कसं पटवलं, देव जाणे.

दुपारपर्यंत सात फोन! असोद्याची एक अकरावीतली मुलगी ठरली. तिचे वडील म्हणाले, "भाव पाहायला ग्रुप उघडला. शिट्टी ऐकली, वाटलं आपल्याच घरातलं कोणी बोलतंय."

ती शिट्टी मी कापायला निघालो होतो.